दिसले म्हणून घ्यायचे का?



आपली देवणी समुद्रापासून फार दूर. तरी आज समुद्रावरच्या एका यंत्राविषयी लिहितो, कारण त्याने उभा केलेला प्रश्न आपल्या शेताच्या बांधापर्यंत येतो.

मासे शोधण्यासाठी होडीवर ‘साइड-स्कॅन सोनार’ नावाचे यंत्र लावता येते. ते होडीच्या दोन्ही बाजूंना पाण्यात ध्वनिलहरी सोडते आणि परतलेल्या प्रतिध्वनीवरून तळाचे चित्र पडद्यावर काढते. खडक उजळ दिसतो, मऊ गाळ काळसर. मासा म्हणजे एक लहानसा उजळ ठिपका. नवखा माणूस ठिपके शोधतो, जाणकार सावली पाहतो. तळावरच्या दगडाची सावली दगडाला चिकटलेली असते. माशाची सावली मात्र त्याच्यापासून सुटी पडते, कारण तो तळापासून वर पोहत असतो.

एवढे कळले तरी ती मासळी अंड्यांवर आली आहे का, हे चित्रात दिसत नाही. यंत्र ‘कुठे’ ते सांगते. ‘घ्यावे का’ ते सांगत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते. म्हणून आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. म्हणूनच २०२३ मध्ये राज्य शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली. त्याहून लहान मासा धरायचा नाही.

कोणी म्हणेल, “डिझेलचे पैसे, कर्जाचा हप्ता, मुलांची फी डोक्यावर असताना समोरचा मासा सोडायचा कसा? मी सोडला तर दुसरा नेईल.” हे म्हणणे खोटे नाही. एकट्याचा संयम उपाशी राहतो. म्हणून नियम सर्वांना सारखा हवा आणि ज्याच्याकडे मोठी होडी व महागडे यंत्र आहे, त्याने तो आधी पाळायला हवा. ज्याला जास्त दिसते, त्याची जबाबदारीही जास्त.

आता आपल्याकडे वळू. जमिनीखाली पाणी कुठे आहे हे शोधायला आपणही यंत्रे आणली. ज्याच्याकडे पैसा, त्याची बोअर खोल. शेजाऱ्याची विहीर आटली तरी आपली मोटार चालू. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण विसरलेलो नाही. पाऊस कमी पडला हे खरे. पण उपसा आपलाच होता.

संत योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू शिष्यांना होडीच्या उजव्या बाजूला जाळे टाकायला सांगतो आणि १५३ मोठे मासे मिळतात. पण गोष्ट तिथे संपत नाही. न्याहारीनंतर तो पेत्राला माशांचा हिशेब विचारत नाही. प्रेमाविषयी विचारतो आणि मेंढरे त्याच्या हवाली करतो.

या आठवड्यात मोटारीचे बटण दाबताना एकदा शेजाऱ्याच्या विहिरीत डोकावून पाहू या.