शटर उघडे ठेवू या



बर्फाच्छादित डोंगर, काळोखे आकाश आणि त्यात लहरणारा हिरवा पडदा असा उत्तर ध्रुवीय प्रकाशाचा फोटो आपण कॅलेंडरवर पाहिला असेल. परंतु नॉर्वेला जाऊन जे तो प्रत्यक्ष पाहतात, त्यांची पुष्कळदा निराशा होते. डोळ्यांना दिसतो तो फिकट, राखाडी ढगासारखा पट्टा. मग रंग कुठे गेले?

रंग तेथेच असतात. सूर्यामुळे वेग मिळालेले कण १०० किलोमीटरहून अधिक उंचीवर हवेतील ऑक्सिजनवर आदळतात आणि हिरवा प्रकाश निर्माण होतो. मात्र मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत. म्हणून फोटो काढणारे कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवतात, एखाद्या ताऱ्यावर हाताने फोकस करतात, फ्लॅश बंद ठेवतात आणि शटर पाच, दहा, कधी पंधरा सेकंद उघडे ठेवतात. तेवढ्या वेळात प्रकाश थोडाथोडा साठतो आणि हिरवा रंग उमटतो. कॅमेरा हलला, तर सारेच पुसट होते. आभाळ भरून आले, तर रिकाम्या हाती परतावे लागते आणि दुसऱ्या रात्री पुन्हा बर्फात उभे राहावे लागते.

सोफस ट्रोमहोल्ट यांनी १८८२-८३ च्या हिवाळ्यात उत्तर नॉर्वेतील काउटोकैनो येथे असा फोटो काढण्याचा प्रयत्न केला. काचेवर काहीच उमटले नाही. पुढे १८९२ च्या जानेवारीत त्याच प्रदेशातील अल्ता परिसरात मार्टिन ब्रेंडेल यांना यश आले. पहिल्या प्रयत्नाच्या वेळी काच कोरी राहिली, म्हणून आकाशात प्रकाश नव्हता असे कोण म्हणेल?

आपण मात्र असे म्हणतो. घरात कुणी अंथरुणाला खिळलेले असते, मुलगा घरच्यांशी बोलत नाही, नऊ दिवसांची नोव्हेना संपते आणि काहीच बदलत नाही. मग आपण म्हणतो, "देव ऐकत नाही." हळूहळू रोझरीची माळ खुंटीवरच राहते. आपण दोन मिनिटे प्रार्थनेला बसतो, तेवढ्यातही मन दहा ठिकाणी धावते. कॅमेरा हलत राहतो आणि आपण आकाशाला दोष देतो.

शटर उघडे ठेवल्याने आकाशात प्रकाश निर्माण होत नाही. जो आहे, तो टिपला जातो. आपल्या प्रार्थनेनेही देव नव्याने जवळ येत नाही. तो जवळ आहेच. त्याची कृपा आपल्यात उमटायला वेळ आणि स्थिरता लागते. वृद्ध शिमोनाने किती दिवस वाट पाहिली असेल! बाळ येशूला हातांत घेतले, तेव्हा त्याच्या डोळ्यांना तो प्रकाश दिसला.

या आठवड्यात रोज रात्री आपण दहा मिनिटे टीव्ही व मोबाईल बंद ठेवू या. घरातील सर्वांनी एकत्र, शांत बसू या. पहिल्या रात्री कदाचित सारे राखाडीच वाटेल. तरी उठून जाऊ नये.

हे प्रभो, अंधारात तुझी वाट पाहण्याचा धीर आम्हांला दे. आमेन.