वय झालं म्हणजे काय झालं?

निपाणी, चिकोडी, बेळगाव या पट्ट्यात साठी उलटलेल्या माणसाला दिसेनासं झालं की घरातून दोनच उत्तरं मिळतात: मोतीबिंदू असेल, नाहीतर वय झालं. पहिल्यावर आपल्याकडे हमखास इलाज आहे. 1976 साली सुरू झालेला राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आणि गावोगावची शिबिरं यांमुळे असंख्य म्हाताऱ्यांना पुन्हा दिसू लागलं. पण त्यातूनच डोळ्याचा आजार म्हणजे मोतीबिंदू, अशी समजूतही घट्ट झाली. डोळ्याच्या मागच्या पडद्याकडे, रेटिनाकडे, कुणाचं लक्ष जात नाही. दुसरं उत्तर तर मला उत्तरच वाटत नाही. वय झालं म्हणजे नेमकं काय झालं?

सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले डॉ. राजेंद्र आपटे हाच प्रश्न प्रयोगशाळेत विचारत आले आहेत. ते रेटिनाचे शल्यविशारद आहेत आणि संशोधकही. त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा विषय म्हणजे उतारवयातलं मॅक्युलर डीजनरेशन. मॅक्युला हा रेटिनाचा मध्यभाग. अक्षर वाचणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं त्याच्यावर चालतं. या आजाराच्या एका प्रकारात पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढतात, पाझरतात आणि मधली नजर नेतात.

या आजारात दाहाचा हात आहे, हे 2005 मध्ये ठळकपणे पुढे आलं. शरीराच्या संरक्षण यंत्रणेला आवर घालणाऱ्या एका जनुकातला फरक आजाराचा धोका वाढवतो, असं तेव्हा वेगवेगळ्या संशोधकांना आढळलं. आपटे यांच्या गटाने मॅक्रोफेज या पेशींकडे पाहिलं. कचरा गिळणाऱ्या, जखमेच्या जागी धावून जाणाऱ्या या राखणदार पेशी. तरुण उंदरांत त्या अशा रक्तवाहिन्यांची वाढ रोखतात, म्हातारपणी मात्र त्यांचं वागणं उलटतं. 2013 मधल्या कामात त्याचं एक कारण हाती लागलं: म्हाताऱ्या पेशीला आपल्या आतलं कोलेस्टेरॉल बाहेर टाकता येत नाही. ती क्षमता औषधाने परत आणल्यावर उंदरांमधली रक्तवाहिन्यांची वाढ घटली. माणसांसाठी हे औषध दुकानात आलेलं नाही. तरीही ‘वय’ नावाच्या धुक्यातून एक बिघाड वेगळा काढता आला, त्यावर बोट ठेवता आलं, याचं मोल मला फार वाटतं. ज्याला कारण आहे, त्याला नशीब म्हणून गप्प बसता येत नाही.

आणि कारणांचं बोलायचं तर निपाणीत तंबाखूचं नाव घ्यावंच लागेल. 1981 मध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथले तंबाखू उत्पादक दरासाठी महामार्गावर बसले, गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. पानाला भाव मिळावा ही मागणी न्याय्यच होती. पण त्याच पानाची विडी ओढणाऱ्याच्या डोळ्याचं काय होतं, हा हिशेब कुणी मांडला नाही. तंबाखूने कॅन्सर होतो हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. मॅक्युलर डीजनरेशनच्या टाळता येण्याजोग्या कारणांत धूम्रपान सर्वांत मोठं आहे, हे मात्र विडी ओढणाऱ्याला कुणी सांगत नाही. वखारीत आणि विडीच्या सुपापुढे आयुष्य घालवलेल्या बायकांच्या डोळ्यांची तर कुणाला आठवणही होत नाही.

आज पडद्याखाली वाढणाऱ्या त्या रक्तवाहिन्यांवर डोळ्यात इंजेक्शन देतात. नजर टिकते, पण इंजेक्शनं पुन्हापुन्हा घ्यावी लागतात. म्हणजे दर वेळी बेळगाव किंवा कोल्हापूर गाठायचं, सोबतीला कुणीतरी न्यायचं, दोघांचा रोज बुडवायचा. दोन-तीन खेपांनंतर माणूस थांबतो आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूची शिबिरं गावापर्यंत आली, तशी रेटिनाची तपासणीही तालुक्यापर्यंत यायला हवी. हे सरकारचं काम आहे आणि ते मागायला हवं.

तोवर एवढं तरी करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एक डोळा झाकून खिडकीचे गज बघायला सांगा, मग दुसरा डोळा झाकून. गज वाकडे दिसले किंवा मधेच पुसट झाले, तर चष्म्याच्या दुकानात नेऊ नका. त्याच आठवड्यात रेटिनाच्या डॉक्टरकडे न्या. साखरेचा आजारही पडदा बिघडवतो; तो असेल तर दिसायला काही त्रास नसला तरी दरवर्षी पडदा तपासून घ्या. आणि विडी सोडायला लावा.