घरचं नाव

जरा स्वस्थ बसा. छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात संध्याकाळी पूर्ण शांतता मिळत नाही, तिची वाट पाहू नका. स्टेशन रस्त्यावरची वाहनं जात राहतील, खाली कुणीतरी शटर ओढेल. पाठ भिंतीला टेकू द्या. श्वास मुद्दाम लांबवू नका, येतो तसा येऊ द्या.

आता तुमचं घरचं नाव आठवा. शाळेच्या दाखल्यावरचं नको. जेवायची वेळ झाली की आई किंवा आजी ज्या नावाने हाक मारायची, ते. मनातल्या मनात ते एकदा तिच्याच आवाजात ऐका. ऐकू यायला वेळ लागला तर लागू द्या.

मग अठरा वर्षांचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. तो मॉर्मन आहे, म्हणजे चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या पंथाचा. २०१२ पर्यंत मुलांना एकोणीस पूर्ण झाल्यावर प्रचारक म्हणून पाठवत. त्या वर्षापासून अठराव्या वर्षी जाता येतं. मुलींसाठी तेव्हा एकोणीस ठरलं, २०२५ पासून त्यांनाही अठराव्या वर्षी जाता येतं. मुलगा चोवीस महिन्यांसाठी जातो, मुलगी अठरा. जागा त्यांनी निवडायची नसते. बोलावण्याच्या पत्रात ती आलेली असते. पगार नाही, उलट खर्चाचा भार तो आणि त्याच्या घरचे उचलतात. काही आठवडे प्रशिक्षण, गरज असेल तर नवी भाषा, आणि मग एक अनोळखी गाव.

त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशापाशी काळी पट्टी असते. तिच्यावर ‘एल्डर’ आणि पुढे आडनाव. पाळण्यातलं नाव नाही. सोबतीही त्याला त्याच पट्टीवरच्या नावाने हाक मारतात. दोन वर्षं.

इथे थांबा. त्या गावातली त्याची पहिली सकाळ मनात आणा. ठरल्या वेळी उठायचं आहे. शेजारच्या पलंगावर एक मुलगा आहे, तो त्याने निवडलेला नाही. इथून पुढे दोघांनी एकत्र राहायचं, एकत्र बाहेर पडायचं, एकमेकांना सोडून कुठे जायचं नाही. काही आठवड्यांनी बदली होते आणि सोबती नवा येतो. म्हणजे एकटं राहायची मुभा नाही, आणि आपलं म्हणावं असंही अजून कुणी नाही. परगावी गेलेल्या माणसाला यातलं पहिलं दुःख जास्त लागतं असं मला वाटतं. खोली रिकामी असली तर निदान रडता येतं. इथे रडायचं तर नळ सोडून.

पाठ केलेली वाक्यं पहिल्याच दाराशी अडखळतात. दार उघडणाऱ्या बाईंना स्वयंपाकाची घाई असते. त्या ‘नको’ म्हणतात, बहुतेक वेळा सौम्यपणे. त्याने जे जन्मापासून खरं मानलं, ते इथे कुणाला ऐकायचंसुद्धा नाही, हे त्याला कुणी समजावून सांगितलेलं नसतं. जिना उतरताना त्याच्या मनात काय चाललं असेल, त्यापाशी थोडा वेळ बसा. त्याचा धर्म तुम्हाला पटतो की नाही, हा प्रश्न बाजूला राहू द्या. त्याचं उत्तर आज लागत नाही.

फार वर्षं या मुलांना घरी फोन करता येत असे तो वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. बाकी पत्रं, पुढे आठवड्याचा ईमेल. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला बोलायची परवानगी मिळाली. मन कामावर राहावं म्हणून जुना नियम होता, हे कळतं. तरी तो बदलला याचा मला मनापासून आनंद आहे. पोराचा आवाज ऐकल्याने कुठल्या आईची श्रद्धा कमी झाली आहे?

आता आणखी मागे चला, आपल्या मुलखात. १८५१ साली ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला. तिशीच्या आतबाहेरचा. पुढच्या वर्षी तो पुण्यात होता. आगगाडी अजून सुरू व्हायची होती, ती १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत धावली. पुण्याला जायचं तर घाट रस्त्यानेच चढायचा. पुण्याच्या छावणीत त्याला लष्कराने थारा दिला नाही, तेव्हा त्याने छावणीबाहेर बिऱ्हाड केलं. पुण्यात मूठभर माणसांची एक शाखा उभी राहिली, फार टिकली नाही. मायदेशी पत्र पोचायला महिना-दीड महिना. लिहिणारा उदास असे पत्र लिहिताना, वाचणारा उदास होई त्यानंतर कधीतरी. या अंतरावर जरा मन ठेवा.

आणि अजून मागे. उस्मानपुऱ्यातल्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे, ते संत एकनाथ. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकीला आपलं हे शहर वसवलं, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. परंपरा सांगते की आईबापांवेगळा, आजोबा चक्रपाणींनी वाढवलेला हा मुलगा बाराव्या वर्षाच्या सुमारास पैठणहून निघाला तो घरी न सांगता. देवगिरीला गुरू जनार्दनस्वामींकडे पोचला. त्याला कुणी पत्र पाठवून बोलावलं नव्हतं, सोबतीही नव्हता. तिथे त्याची पहिली वर्षं सेवेत आणि हिशेबाच्या वह्यांत गेली. पुढे तो लिहू लागला तेव्हा अभंगाच्या शेवटी त्याचं नाव सहसा एकटं आलं नाही. ‘एका जनार्दनी’. घरातलं हाकेचं नाव राहिलं, पण गुरूच्या नावाला बिलगून.

मला वाटतं, घर सोडलेल्या पोराच्या सुरुवातीच्या दिवसांत हेच चाललेलं असतं. आपल्याला ओळखणारं कुणी नाही. जुनं नाव कुणी घेत नाही, आणि नवं अंगाला बसलेलं नसतं. लोकांना काय सांगायचं ते सगळं पाठ असतं, पण ते सांगणारा कोण, हे अजून ठरायचं असतं. श्रद्धा त्याच मधल्या रिकाम्या दिवसांत एक तर गळून पडते, नाही तर पहिल्यांदा त्याची स्वतःची होते. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. दिसतो तो इस्त्री केलेला शर्ट.

थोडा वेळ चक्रपाणींजवळही बसा. म्हातारा नातवाला शोधतो आहे. किती दिवस त्यांनी दाराकडे पाहिलं असेल, पोथीत नाही. पुढे त्यांनी जनार्दनस्वामींकडून पत्र मिळवलं, तीर्थयात्रेहून परतलेल्या एकनाथांना ते पैठणात गाठून दाखवलं, आणि गुरूची आज्ञा वाचली त्या जागीच नाथ थांबले, असं सांगतात. बोलावण्याचं पत्र मुलाला घरापासून दूर नेतं. हे पत्र घरी ठेवून घेणारं होतं, आणि ते मिळवायला आजोबांना पायपीट करावी लागली.

आता श्वासाकडे या. डोळे उघडले तरी चालतील.

शासकीय तंत्रनिकेतनाच्या आसपास, आपल्या गल्ल्यांत, खोली करून राहणारी मुलं आहेत. बीडची, परभणीची, हिंगोलीची. त्यांना कुणी धर्मप्रचाराला पाठवलेलं नाही, पण त्यांचाही पहिला महिना असाच असतो: न निवडलेला सोबती, मेसचा डबा, हजेरीत पुकारलं जाणारं आडनाव. तुमच्या वरच्या मजल्यावर असा एखादा असेल. त्याला घरी काय म्हणतात, ठाऊक आहे? नसेल तर उठा. डबा घ्यायला तो आता खाली येईल.