तळ बंद झाल्यानंतर

आठवडेच्या आठवडे समुद्रावर काढून अमेरिकी नौदलाचं जहाज फिलिपिन्समधल्या सुबिक उपसागरात धक्क्याला लागलं, की माल भरून घेण्याची घाई सुरू होई. बटाट्यांची पोती, पिठाच्या गोण्या, रंगाचे डबे, दोरखंडांची वेटोळी, यंत्रांचे सुटे भाग. धक्क्यापासून जहाजाच्या पोटातल्या कोठारापर्यंत नौसैनिकांची रांग लागे आणि एकेक खोकं या हातातून त्या हातात जात अरुंद, उभ्या जिन्यांवरून खाली उतरे. तिथे तरुणपण घालवलेले नौसैनिक आता म्हातारे झाले आहेत. सुबिकच्या आठवणी काढताना किनाऱ्यावरच्या मौजमजेबरोबर त्यांना तो दमट उकाडा, घामाने अंगाला चिकटलेला सदरा आणि बऱ्याच दिवसांनी हातात पडलेलं घरचं पत्रही आठवतं.

स्पेनच्या राजवटीत १८८५ साली या उपसागराच्या काठी ओलोंगापो इथे नौदलाचं शस्त्रागार उभं राहू लागलं. स्पेनशी झालेल्या १८९८च्या युद्धानंतर ते अमेरिकेच्या हाती गेलं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सुबिकमध्ये रोज सरासरी तीसेक जहाजं असत. ऑक्टोबर १९६८मध्ये एकाच वेळी ४७ होती. या जहाजांना धान्य, इंधन, अगदी खिळ्यापर्यंत सगळं पुरवण्याचं काम रसद विभागाचं. तिथे हजारो फिलिपिनो माणसं राबत. गोदामातल्या कुठल्या फळीवर कुठला भाग ठेवलाय, हे त्यांना ठाऊक असे. जहाजं येत आणि जात. ही माणसं मात्र वर्षानुवर्षं तिथेच असत.

१५ जून १९९१ रोजी सुबिकजवळच्या पिनातुबो ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि त्याच दिवशी चक्रीवादळही येऊन थडकलं. पावसाने भिजून जड झालेल्या राखेखाली छपरं कोसळली. १६ सप्टेंबरला फिलिपिन्सच्या सिनेटने तळ पुढे चालू ठेवण्याचा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. २४ नोव्हेंबर १९९२ला अमेरिकेचा झेंडा उतरला, शेवटचं जहाज निघून गेलं. स्वतंत्र देशाने आपल्या भूमीवरचा परका तळ नाकारला, हे त्या देशाच्या स्वाभिमानाला साजेसंच होतं. त्या स्वाभिमानाची किंमत मात्र ओलोंगापोच्या घराघरांनी मोजली. रोजगार गेला. तळावरच्या विषारी कचऱ्याने दूषित झालेली जमीन आणि किनाऱ्यावरच्या मौजमजेच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या बायका मागे राहिल्या.

यानंतर जे घडलं ते मला सगळ्यांत मोठं वाटतं. रिकाम्या तळावर लुटालूट होऊ नये म्हणून हजारो स्थानिक माणसं पहाऱ्याला उभी राहिली. ओलोंगापोचे नगराध्यक्ष रिचर्ड गॉर्डन यांनी त्यांना हाक दिली होती. पगार नव्हता, मालक नव्हता. इमारती, धक्के, यंत्रं शाबूत राहिली, तर उद्या इथे पुन्हा काम मिळेल, एवढ्याच आशेवर त्यांनी तो तळ झाडला-पुसला, राखला. आज तिथे मुक्त बंदर आणि उद्योगांची वसाहत आहे.

तळ होता अमेरिकेचा, पण अमेरिका गेल्यावर तो आपला मानून त्यांनी सांभाळला. ज्या गोदामात वर्षानुवर्षं घाम गाळला, ते ओस पडलं तरी त्यांना परकं झालं नाही. वृद्ध नौसैनिक ‘आमचं सुबिक’ म्हणतो, तेव्हा त्याचं प्रेम खरंच असतं. तारुण्य जिथे गेलं ती जागा माणसाला कायमची आपली वाटते. पण जाणाऱ्याच्या वाट्याला आठवण येते आणि राहणाऱ्याच्या वाट्याला जबाबदारी. जाणाऱ्याच्या मनात ती जागा आहे तशी राहते. राहणाऱ्याला तिचा पडलेला भाग रोज उभा करावा लागतो.

आपणही गाव सोडतो, गिरणी सोडतो, वसाहत सोडतो आणि पुढे जन्मभर तिथल्या आठवणी जपतो. त्या जरूर जपाव्यात. फक्त आठवण काढताना तिथे अजून राहणाऱ्या माणसाची चौकशी करावी, त्याच्यावर काय पडलं ते विचारावं आणि जमेल तेवढा त्याचा भार उचलावा. जागेवरचं आपलं प्रेम तिथल्या माणसापर्यंत पोहोचलं, तरच ‘आमचं’ म्हणण्याचा हक्क आपल्याला मिळतो.