दासीचाही विसावा

शास्त्रपाठ : अनुवाद ५:१२-१५, लूक १४:२८-३०



गेल्या पावसाळ्यात बेळगावातील आमच्या मंडळीतल्या एका कुटुंबाने आम्हांला घरी प्रार्थनेस बोलावले. घरात कोणी आजारी नव्हते, वाढदिवसही नव्हता. त्या भगिनी एका खाजगी इस्पितळात नर्स आहेत, बंधू उद्यमबागेतील एका कारखान्यात कामाला आहेत, दोन मुले शाळेत जातात. छप्पर दुरुस्त करण्यासाठी पतसंस्थेतून काढलेले कर्ज डोक्यावर आहे. इस्पितळात नर्सेस कमी पडत असल्यामुळे भगिनींना महिन्याला सहा जादा ड्यूट्या देऊ केल्या होत्या. त्या घ्यायच्या म्हटल्या तर घरी कामाला बाई ठेवल्यावाचून भागणार नव्हते. "पाळकसाहेब, देवाची इच्छा काय आहे ती आम्हांला कळावी म्हणून प्रार्थना करा," असे बंधू म्हणाले.

प्रार्थना आम्ही केली, पण तिच्याआधी कागद-पेन्सिल मागितली. ह्याचे त्यांना थोडे नवल वाटले. परंतु बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हे आपल्या प्रभूनेच सांगितलेले आहे. तो दाखला शिष्यत्वाविषयी आहे हे आम्ही जाणतो. पण ज्याला घरचा हिशेब बसून करता येत नाही त्याला शिष्यत्वाचा हिशेब कसा जमणार? उपासनेच्या पत्रकाची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर आम्ही आकडे मांडले.

एका जादा ड्यूटीचे ८०० रुपये, म्हणजे सहांचे ४,८००. धुणी-भांडी-केर यांचे बाईने १,६०० सांगितले होते आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाचे १,४००, मिळून ३,०००. ड्यूटी रात्री सुटल्यावर बस मिळत नाही, तेव्हा रिक्षाचे सहा वेळचे ६००. मुलांचा अभ्यास आई घेत असे, तो आता शिकवणीवर जाणार, त्याचे ४००. हातात उरले ८०० रुपये. आठ तासांच्या सहा ड्यूट्या आणि प्रत्येक वेळचा तासभर जाण्यायेण्याचा, असे चौपन्न तास. तासाला पंधरा रुपयेही पडत नव्हते.

बंधू बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. भगिनी मात्र म्हणाल्या, "पण पाळकसाहेब, रोजची धुणी-भांडी माझ्या अंगावरून गेली तर तेही काही कमी नाही." त्यांचे म्हणणे खरे होते. आमचा हिशेब रुपयांचा होता. उभ्याने ड्यूटी करून आलेल्या पायांना मोरीपाशी पुन्हा बसावे लागत नाही, ह्याची किंमत त्यात धरलेली नव्हती. पुरुषांनी मांडलेल्या हिशेबात ही चूक नेहमी राहते.

येथे दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत, कारण आपल्या मंडळ्यांत दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसे आहेत. जादा काम करणे म्हणजे धनाचा लोभ, असे काही जण म्हणतात. पौल प्रेषित तंबू शिवून पोट भरत असे आणि कोणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस खपत असे, हे थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात दुसऱ्या अध्यायात वाचावे. कर्ज फेडण्यासाठी केलेले कष्ट हे पाप नव्हे. दुसरे काही जण म्हणतात की चांगली गृहिणी घरचे सर्व स्वतः करते, आणि त्याला आधार म्हणून नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय लग्नालग्नांतून वाचतात. आम्हीही पुष्कळ लग्ने लावली आहेत आणि तोच अध्याय वाचला आहे. पण त्यातील पंधरावे वचन नीट पाहा. ती सद्गुणी स्त्री रात्र सरण्यापूर्वी उठते, घरच्यांना अन्न देते आणि दासींनाही त्यांचा वाटा देते. म्हणजे तिच्या घरी दासी होत्या. पुढे ती तागाची वस्त्रे विकतेही. बाहेरची कमाई आणि घरात मदत ही दोन्ही ज्या स्त्रीला होती, तिचे उदाहरण आपण एकटीने राबणाऱ्या सुनेला ऐकवत आलो.

तेव्हा बाई ठेवावी की न ठेवावी, एवढाच प्रश्न असता तर आम्ही हा लेख लिहिला नसता. बाई न ठेवणे हे काही पुण्य नव्हे. ज्या बाईबद्दल बोलणे चालले होते ती वडगावची. वडगाव-खासबागेकडे मागांवर साड्या विणल्या जातात हे बेळगावकरांना सांगायला नको. तिचा नवरा मागावर जातो, पण काम कधी असते, कधी नसते. त्या घरी तीन हजार रुपये म्हणजे महिन्याचे धान्य.

पण कागद पुन्हा हातात घेतला तेव्हा आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. भगिनींच्या तासाची किंमत इस्पितळाने शंभर रुपये धरली होती. बाई रोज दोन तास, महिन्याचे तीसही दिवस येणार होती. साठ तासांचे तीन हजार, म्हणजे तासाला पन्नास. आपला तास शंभराला विकायचा आणि दुसरीचा पन्नासाला घ्यायचा, ह्यातून ते आठशे उरत होते. आणि त्या तीस दिवसांत रविवार धरलेलेच होते. सुट्टीचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. बंधूंनी नाही, भगिनींनी नाही, आणि शास्त्र शिकवणाऱ्या आम्हीही नाही.

आता अनुवादाच्या पाचव्या अध्यायाकडे या. शब्बाथाची आज्ञा दोनदा दिलेली आहे, निर्गमाच्या विसाव्या अध्यायात आणि येथे. निर्गमात कारण सांगितले आहे ते सृष्टीच्या निर्मितीचे: देवाने सहा दिवसांत सर्व केले व सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादात मात्र कारण वेगळे आहे. तेथे इस्राएल लोकांना मिसर देशाची आठवण दिली आहे, की तुम्ही स्वतः तेथे दास होता. आणि आज्ञा केवळ घरधन्याला नाही. पुत्र, कन्या, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका, अशी सर्वांची नावे घेतली आहेत, आणि पुढे हेतू सांगितला आहे की दासाला व दासीला धन्यासारखाच विसावा मिळावा. थोडाफार, उरलासुरला नव्हे, धन्यासारखाच. ज्याने विटा थापल्या आहेत त्याला दुसऱ्याच्या पाठीचे दुखणे कळावे, अशी देवाची अपेक्षा आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्या-पणज्या दुसऱ्यांच्या घरी राबल्या. दोन पिढ्यांच्या शिक्षणाने आपण वर आलो; ते मिसर आपल्याला फार लवकर विसरायला झाले.

येथे आम्हांला स्वतःविषयी सांगितले पाहिजे. आमच्या घरी अकरा वर्षे एक मावशी कामाला येत असत. रविवारी सकाळी आम्ही उपासनेला निघताना घराची किल्ली त्यांच्या हाती देत असू, म्हणजे परत येईतो भांडी घासलेली, घर पुसलेले. कित्येक रविवारी आम्ही व्यासपीठावरून दहा आज्ञा वाचल्या आणि त्याच वेळी आमच्या मोरीत चौथी आज्ञा मोडली जात होती. एका नाताळात घरी पंचवीस माणसे जेवायला होती. मावशी दुपारी चारपर्यंत पातेली घाशीत होत्या. दिवाळीतही आम्ही त्यांना बोलावले होते, कारण सण आमचा नव्हता, आणि नाताळातही बोलावले, कारण सण त्यांचा नव्हता! त्यांनी कधी तक्रार केली नाही, ह्याचा अर्थ त्या संतुष्ट आहेत असा आम्ही सोयीने घेतला. त्या अकरा वर्षांत त्यांनी आजारपणात केलेले खाडे आम्ही पगारातून कापलेलेही आहेत. त्या मावशी आता हयात नाहीत. त्यांची क्षमा मागण्याची वेळ आमच्यासाठी निघून गेली आहे.

जगाचे लोक ह्या बाबतीत मंडळीच्या पुढे गेले आहेत, हे सांगताना लाज वाटते. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, तेव्हा पगारवाढीबरोबर हक्काची सुट्टी हीही त्यांची मागणी होती. आपल्या कर्नाटकाने २००४ साली घरकामगारांसाठी किमान वेतन जाहीर केले. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. ह्यांतले किती आपल्या घरांच्या उंबऱ्याच्या आत आले, हे ज्याने त्याने पाहावे. मोशेच्या नियमशास्त्राने तर गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी असे सांगितले, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो (अनुवाद २४:१४-१५). आपण "साहेबांचा पगार झाला की देऊ" असे म्हणतो आणि सात तारीख उजाडते.

असो. त्या कुटुंबाकडे परत येऊ. आमच्या सांगण्यावरून भगिनींनी दुसऱ्या दिवशी त्या बाईला विचारले, रविवारी सुट्टी चालेल का? बाई म्हणाली, "सुट्टी नको ताई, स्वयंपाकाचं काम तेवढं नक्की द्या." तिलाही जादा तास हवे होते, जसे भगिनींना हवे होते, आणि कारणही तेच, कर्ज. मग भगिनींनी विचारले, संध्याकाळी तू येथे असलीस तर तुझ्या घरी चूल कोण पेटवते? ती म्हणाली, मुलगी. मुलीचे वय अकरा.

हे ऐकल्यावर आम्ही दोन दिवस अस्वस्थ होतो. इस्पितळात माणसे कमी, म्हणून नर्सने जादा थांबायचे. नर्स थांबली, म्हणून बाईने तिच्या घरी यायचे. बाई आली, म्हणून अकरा वर्षांच्या मुलीने भाकरी थापायच्या. तिच्यापुढे कोणी नाही. आपण वर जो जादा तास घेतो, त्याचा भार खाली सरकत सरकत शेवटी कोणाच्या तरी लेकराच्या पाटीपुस्तकावर येऊन थांबतो. उपदेशकाच्या चौथ्या अध्यायात एक मनुष्य आहे. त्याच्या कष्टांना अंत नाही, आणि मी हे कोणासाठी करतो, असे तो स्वतःला विचारीत नाही. मी हे कोणाच्या जिवावर करतो, हाही प्रश्न त्याच्यापाशी ठेवायला हवा.

मग वाट कोणती? ती आम्हांला नव्हे, बंधूंना सुचली. ते सायंकाळी सहाला घरी येतात. त्यांनी आपण होऊन म्हटले, "भात-आमटी मला येते. पोळ्यांचे बघू." केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली देशभर वेळेची पाहणी केली. तीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटे निघाला आणि पुरुषांचा ८८. हे ८८ सुद्धा जे पुरुष काही करतात त्यांचे. जे करीतच नाहीत ते ह्यात धरलेले नाहीत. पुनरुत्थित प्रभूने तिबिर्या समुद्राच्या काठी निखारे पेटवून मासळी व भाकर तयार ठेवली आणि रात्रभर खपलेल्या शिष्यांना न्याहारीस बोलावले (योहान २१). ज्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते त्यांनी विस्तव फुंकला. आमच्या मंडळीतील पुरुषांना त्यात कमीपणा वाटण्याचे कारण दिसत नाही.

नवा कागद असा झाला. सहांऐवजी चार ड्यूट्या, ३,२०० रुपये. बाई फक्त सकाळी एक तास, मुलगी शाळेत असते त्या वेळेला. रविवार सुट्टी, आजारपणाचा खाडा कापायचा नाही, आणि १,६०० ऐवजी २,०००. रिक्षाचे ४००. अभ्यास बंधू घेणार, म्हणून शिकवणी नाही. उरले ८००. दोन ड्यूट्या कमी करूनही तेवढेच. पहिल्या कागदावर ही गोष्ट दिसली नव्हती, कारण त्या कागदावर बंधूंची संध्याकाळ कोठेच मांडलेली नव्हती.

सर्व सुरळीत झाले असे मात्र समजू नका. कर्ज जसे फिटायचे तसेच फिटणार, आठशे-आठशेने. त्यात घाई होणार नाही. स्वयंपाकाचे काम न मिळाल्याने बाई थोडी नाराज होती. ती संध्याकाळसाठी दुसरे घर शोधीत आहे असे कळते, आणि मिळाले तर त्या मुलीची चूल सुटणार नाही. तिला नको म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिच्या घरचे धान्य आपण भरत नाही. मंडळीच्या स्त्रियांनी त्या मुलीच्या शाळेची फी आणि पुस्तके पाहण्याचे ठरवले आहे, एवढे झाले आहे.

आमच्या स्वतःच्या घरी आता दुसऱ्या मावशी येतात. रविवारी त्यांना सुट्टी असते आणि किल्ली आमच्याच खिशात असते. उपासनेहून परतल्यावर सकाळची भांडी मोरीत तशीच पडलेली दिसतात. पाळीपाळीने घासायची असे आम्ही उभयतांनी ठरवले आहे. पण खरे सांगायचे तर गेल्या चार रविवारांपैकी तीन रविवारी ती आमच्या पाळकीणबाईंनीच घासली.