इतिहासकाराला दोन सवाल

इतिहासाचं पुस्तक मी गुमान वाचत नाही. लिहिणाऱ्याशी बोलत वाचतो. पहिला सवाल ठरलेला : बाबा रे, तू कागद कुणाचे वाचलेस? मिलचं मस्टर मालकाचं. त्यात माझा खाडा सापडेल, खाडा का पडला ते सापडणार नाही.

हैतीचं घ्या. फ्रेंचांची उसाच्या मळ्यांची वसाहत. ऑगस्ट १७९१ मध्ये तिथले काळे गुलाम उठले आणि १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र करून बसले. हैतीतच जन्मलेला इतिहासकार मिशेल-रॉल्फ ट्रुयो १९९५ च्या पुस्तकात सांगतो : गुलाम क्रांती करतील हे गोऱ्यांच्या डोक्यातच शिरत नव्हतं. डोळ्यांदेखत घडत होतं, तरी पटत नव्हतं. पुढं इतिहासाच्या पुस्तकांतूनही ती क्रांती गाळली गेली. म्हणजे इतिहासातलं मुकेपण आपोआप येत नाही, ते घडवलं जातं. हिशेब मात्र चोख! १८२५ साली फ्रान्सनं मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले, मळेवाल्यांची भरपाई म्हणून. क्रांती विसरले, बिल विसरले नाहीत.

दुसरा सवाल आपल्याच माणसाला : तू झाकलंस काय? त्यांनी खोटं लिहिलं म्हणून आपण सोयीचं लिहायचं का?

त्रिनिदादच्या सी. एल. आर. जेम्स या काळ्या लेखकानं १९३८ साली 'द ब्लॅक जॅकोबिन्स' लिहिलं. त्याचा नायक तूसाँ लूव्हेर्त्यूर, गुलामीत जन्मलेला सेनानी. जेम्सचा त्याच्यावर जीव. तरी तो लिहितो की तूसाँ आपल्याच लोकांपासून तुटला. गुलामी गेली, पण मळ्यावरची सक्ती त्यानं चालूच ठेवली. १८०१ मध्ये मजूर बिथरले तेव्हा त्यांच्या बाजूच्या मोईजला, आपल्या मानलेल्या पुतण्याला, त्यानं गोळ्या घातल्या.

मी जेम्सला म्हणतो, शत्रूच्या हाती कोलीत दिलंस की! पुस्तकातून मला मिळालेलं उत्तर असं : नायकाची चूक झाकली, तर पुढचा नायक तीच करील, आणि मरतील मजूरच.

२५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं होतं, राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. आपण हे ऐकून टाळ्या वाजवतो आणि आपापल्या पुढाऱ्याच्या पालखीला खांदा देतो.

मित्रांनो, खोटं सत्तेवाल्यांना परवडतं. ते उघडं पडलं तरी त्यांची खुर्ची राहते. आपलं एक खोटं सापडलं की आपलं सगळं खरंही बुडवतात. म्हणून लिहायला बसाल तेव्हा पहिला सवाल त्यांना विचारा. दुसरा स्वतःला.