आपण जिंकलो, ते हरले

आमच्या असोद्याला दोन गोष्टींचा अभिमान आहे. एक म्हणजे बहिणाबाई चौधरी, कारण त्यांचं माहेर इथलं. आणि दुसरी म्हणजे भरताची वांगी. तिसरी गोष्ट आजवर जळगावापर्यंतसुद्धा पोचलेली नाही, ती आज जाहीर करतो. भारतीय क्रिकेट संघाची खरी निवड समिती मुंबईत बसत नाही, ती असोद्याला आमच्या पारावर बसते. तिकडच्या समितीत पाचजण असतात. आमच्याकडे अकराच्या खाली संख्या कधी येत नाही, आणि थंडीत भरताचा बेत असला की ती चाळीसवर जाते. तिकडे म्हणे मानधन मिळतं. आमच्या सभासदांना रात्री उशिरा घरी गेल्यावर जे मिळतं त्यात मान नसतो आणि धनही नसतं.

कपाशीच्या काड्यांचा जाळ होतो, हिरवी वांगी त्यावर चरचरायला लागतात आणि समितीच्या कामकाजाला सुरुवात होते. "ह्याले कोनी घेतलं भो संघात?" हा पहिला ठराव. तो नेहमी एकमताने पास होतो. मग कप्तानाचा समाचार. एस.टी.तून निवृत्त झालेले आमचे एक आप्पा आहेत. नाणेफेक जिंकल्यावर फलंदाजी घ्यावी की क्षेत्ररक्षण, हे ते अचूक सांगतात; फक्त सामना संपल्यावर सांगतात. खरं म्हणजे सामना संपल्यावर दिलेला आमच्या समितीचा एकही निर्णय आजवर चुकलेला नाही. २००४ साली मुलतानला राहुल द्रविडने डाव घोषित केला तेव्हा सचिन तेंडुलकर १९४ वर नाबाद होता. भारत ती कसोटी एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला, पण त्या सहा धावांचा निकाल आमच्याकडे अजून लागलेला नाही. तारखा पडतायत.

मीही या समितीचा जुना सभासद. भारत हरला की मी जेवत नाही. म्हणजे आधी संतापाने ताट सरकवतो आणि मग रात्री साडेअकराला डब्यातले शेव खातो. एकदा माहेरपणाला आलेल्या मुलीने हे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, त्या अकरा जणांना तुम्ही जगात आहात हेसुद्धा माहीत नाही. मग कुणाला घ्यायचं आणि कुणाला काढायचं, यात तुमचा काय संबंध? आणि तुम्ही उपाशी राहिल्याने त्यांचं काय बिघडतं?"

प्रश्न दोनच, पण दोन्ही यॉर्कर. मी म्हटलं, "तू झोप आता."

पण झोप मला आली नाही. खरंच, माझा काय संबंध? ग्रामपंचायतीत मी मत देतो, म्हणून सरपंचावर रागावायचा मला हक्क आहे. क्रिकेट मंडळाने माझं मत कधी मागितलेलं नाही. बरं, हा रोग आपल्याकडेच आहे असंही नाही. माझा एक भाचा अमेरिकेत बॉस्टनला असतो. तिथे बेसबॉल नावाचा खेळ आहे. तिथल्या संघाच्या मालकाने १९१९ च्या डिसेंबरात बेब रूथ नावाचा आपला हुकमी खेळाडू न्यूयॉर्कच्या संघाला विकून टाकला. बॉस्टनने शेवटचं अजिंक्यपद मिळवलं होतं १९१८ साली. त्यानंतरचं मिळालं ते थेट २००४ साली. छ्याऐंशी वर्षं! भाचा म्हणतो, एवढी वर्षं आजोबांनी नातवाला घर दिलं, गाडी दिली आणि त्या मालकाला शिव्या द्यायचा वसाही दिला. थोडक्यात, पार सगळीकडे आहे. फक्त तिकडे भरीत नाही.

विचार करता करता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सगळी गोम मराठी व्याकरणात आहे. आपल्या भाषेत 'आम्ही' आहे आणि 'आपण'ही आहे. 'आम्ही' म्हटलं की समोरचा कुंपणाबाहेर, 'आपण' म्हटलं की तो आत. इंग्रजीत ही सोय नाही. आता पारावरचं बोलणं ऐका. भारत जिंकला की वाक्य असतं, "आपण जिंकलो." हरला की? "हरले ना साले!" एका रात्रीत प्रथमपुरुषाचा तृतीयपुरुष होतो. विजयात आमचा बरोबरीचा वाटा, पराभवात आम्ही गावचेच नाही. उसाच्या वेळी चुलता आणि कर्जाच्या वेळी 'कोण हे?' म्हणणाऱ्या भाऊबंदांत आणि आमच्यात फरक तो काय?

याचा सगळ्यात मोठा बळी मी लहानपणी पाहिला. १९७१ साली पतौडींना बाजूला सारून अजित वाडेकरांना कप्तान केलं, ते निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने असं सांगतात. त्याच वर्षी भारत वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकला आणि नंतर इंग्लंडातही जिंकला. इंदूरला त्या विजयाची आठवण म्हणून भलीमोठी सिमेंटची बॅट उभी केली गेली. मी वाडेकरांचं छापील चित्र वर्तमानपत्रातून कापून भिंतीवर डिंकाने चिकटवलं. आमच्या घरी तोवर भिंतीवर फक्त देव आणि आजोबा होते.

मग १९७४ उजाडलं. लॉर्ड्‌सवर दुसऱ्या डावात भारत सर्वबाद ४२. त्यात एकनाथ सोलकरांच्या नाबाद १८ होत्या, म्हणजे बाकीच्यांचा हिशेब करायला बोटं पुरत होती. मालिका ३-० ने गेली. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले, इंदूरच्या बॅटला डांबर फासलं गेलं. पुढे पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळलं आणि त्यांनी खेळ सोडला. असोद्यात मी, वय वर्षं चौदा, भिंतीवरचं चित्र टराटरा फाडलं. डिंक चांगला होता. अर्धे वाडेकर भिंतीवरच राहिले. २०१८ साली १५ ऑगस्टला ते गेल्याची बातमी आली तेव्हा मला ते अर्धं चित्र आठवलं आणि उगाचच चोरट्यासारखं वाटलं. तीन वर्षांत माणूस शहाण्याचा मूर्ख झाला नव्हता. फक्त निकाल बदलला होता.

निकाल हा फार वाईट न्यायाधीश आहे, हे मी इतक्या ठामपणे सांगतो याला कारण आहे. एकदा मी स्वतः कप्तान आणि निवड समिती, दोन्ही होतो.

साल १९७८. शेजारच्या गावाशी सामना, बक्षीस एक्कावन्न रुपये आणि नारळ. दहा नावं ठरली होती. अकराव्या जागेसाठी दोन उमेदवार. एक माझा शाळेपासूनचा मित्र, डावखुरा फिरकी गोलंदाज. त्याचा चेंडू पडल्यावर कुठे जाईल हे त्यालाही ठाऊक नसायचं, मग फलंदाजाला काय असणार! दुसरा एका आडत्याचा मुलगा. त्याला गोलंदाजी, फलंदाजी, क्षेत्ररक्षण यांपैकी काहीच येत नव्हतं, पण गावातली एकमेव धड बॅट त्याची होती. तो खेळणार नसेल तर बॅटही खेळणार नव्हती.

मी बॅट निवडली.

पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले, पण कसोटी एकही खेळायला मिळाली नाही, कारण ते बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मले. माझा मित्र बॅटवाल्याच्या काळात जन्मला. शिवलकरांना निदान बेदींनी अडवलं होतं. याला एका लाकडाने अडवलं.

मित्र काही बोलला नाही. सामन्याच्या दिवशी मात्र तो आला तो पांढरी पँट घालून. त्या सामन्यासाठी त्याने ती खास शिवून घेतली होती. नाव नाही हे शिंप्याला कळवायचं राहून गेलं असावं. दिवसभर तो सीमारेषेपाशी उकिडवा बसून होता, पँटला माती लागू नये म्हणून. मधूनच उठून आम्हाला पाणी देत होता. पाण्याचा तांब्या मी त्याच्या हातून घेतला, पण तोंडाकडे बघितलं नाही.

आणि तो सामना आम्ही जिंकलो! कसे? शेवटची जोडी मैदानात, दोन धावा हव्यात, आणि समोर बॅटवाला. त्याने डोळे मिटून बॅट फिरवली, चेंडू कड घेऊन मागच्या कपाशीत गेला, चार धावा. गावाने मला खांद्यावर घेतलं. "कप्तानानं डोकं लावलं भो!" असं मी आठ दिवस ऐकत होतो आणि शेवटी मलाही ते खरं वाटायला लागलं. निकाल हा असा साबण आहे. त्याने कसलाही डाग निघतो. वाडेकरांवर डाग पडला तोही निकालाने आणि माझा डाग धुतला गेला तोही निकालाने. पण निर्णय वाईटच होता. त्या दिवशी हरलो असतो तरी वाईट, जिंकलो तरी वाईट. बाकी कुणाला नाही तरी मला ते माहीत होतं.

ही गोष्ट पोटात घालून मी पन्नासएक वर्षं पारावर बसून निवड समित्यांवर आगपाखड करत आलो. मित्रही तिथेच असतो. सगळे तुटून पडले की तो एवढंच म्हणतो, "त्यायचंबी काही कारन असीन ना भो." त्यावर एकटा मीच गप्प होतो.

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र. नवी मुंबईत मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना. पावसामुळे उशिरा सुरू झालेला, म्हणून वांग्यांचा जाळही आम्ही उशिराच केला होता. शेफाली वर्मा ही मुलगी मुळात संघात नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून ऐनवेळी आली आणि अंतिम सामन्यात ८७ धावा काढून वर दोन बळी घेऊन बसली. आता आधी तिला वगळलं ते चूक म्हणायचं की नंतर बोलावलं ते बरोबर? आमच्या समितीने दोन्ही ठराव पास केले. मध्यरात्रीच्या सुमारास भारत जिंकला, आणि पडद्यावर प्रशिक्षक अमोल मुझुमदार दिसले. १९८८ साली शाळेच्या सामन्यात तेंडुलकर-कांबळी ६६४ धावांची भागी करत होते तेव्हा पॅड बांधून वाट बघत बसलेला मुलगा तो हाच. पुढे त्यांनी रणजीत धावांचे ढीग घातले, पण भारताची टोपी काही मिळाली नाही. आता त्यांच्यासमोर अख्खा देश नाचत होता.

पारावर एकच गलका झाला. मी मात्र मित्राकडे पाहत होतो. त्याचे डोळे पाणावले होते. धूर होता म्हणा. मी त्याला बाजूला घेतलं आणि सत्तेचाळीस वर्षांनी सांगून टाकलं, "तेव्हा मी तुला घ्यायला पाहिजे होतं. मी बॅटसाठी तुला वगळलं. चुकलं माझं."

त्याने जरा आठवल्यासारखं केलं आणि म्हणाला, "आपन जिकलो ना भो त्या दिवशी? मंग आता कसाले उकरू राहिला? चल, भरीत थंडं होऊन राहिलं."

आपण! सबंध आयुष्य मी तो सामना 'आम्ही जिंकलो' म्हणून सांगत आलो, त्याला कुंपणाबाहेर ठेवून. आणि ज्याला मी बाहेर बसवलं तो पहिल्या दिवसापासून 'आपण' म्हणत होता.

मुलीच्या यॉर्करला उत्तर सापडलं ते असं. संघावर रागावायचा हक्क तिकिटाने मिळत नाही आणि मतानेही मिळत नाही. तो 'आपण हरलो' म्हणणाऱ्याला मिळतो. ४२ मध्येही ज्याचा वाटा आहे त्याने खुशाल बोटं मोडावीत. घरच्या माणसावर रागावतोच आपण, पण घरावर दगड मारत नाही. आणि रागवायचंच झालं तर निर्णय घेताना समोर काय होतं ते बघून रागवावं. निकाल काय, तो तर चेंडू कपाशीत गेला तरी बदलतो.

हे सगळं मी मुलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "छान. म्हणजे आता भारत हरला तर जेवणार ना?"

मी म्हटलं, "जेवेन. पण तो तिसऱ्या नंबरवर कुणाला पाठवतात, ते आधी बघू दे."